लॅपटॉप सुरू होईना? आधी तीन दारे तपासून पाहा!

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता, तालुक्यात रोवणीची घाई चाललेली, गटातल्या निम्म्या बायका बांधीत उतरलेल्या. आणि मी इकडे ब्रह्मपुरीच्या घरात लॅपटॉपसमोर डोके धरून बसलेली! बटण दाबले की बारीकसा दिवा लागे, पंखा घुं घुं करी आणि पडदा मात्र काळाठिक्कर. एकदा नाही, दहादा दाबून पाहिले. कपाळावर आठी घालून पाहिले, देवाचे नाव घेऊन पाहिले. काही म्हणता काही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? जुने यंत्र, कधीतरी बंद पडायचेच. खरे आहे. पण त्या आठ वर्षांच्या लॅपटॉपात आमच्या बचत गटाचा सगळा हिशेब होता. आम्ही अकरा जणी. कुणी किती बचत भरली, कुणी शेळ्यांसाठी कर्ज काढले, कुणी मुलीच्या फीसाठी, कुणाचे किती हप्ते फिटले नि किती राहिले, सगळे त्यात. तीन वर्षांपूर्वी मीच मोठ्या ऐटीत सांगितले होते, "आता वहीची कटकट नको, मी कॉम्प्युटरवर ठेवते." वही बंद झाली ती तेव्हापासून. आणि आता चार दिवसांवर बँकेत कागद न्यायची तारीख येऊन ठेपली होती.

आमचे हे दुसऱ्या दिवशी नागपूरला निघालेच होते. लॅपटॉप पिशवीत घालून त्यांच्याबरोबर दिला. संध्याकाळी पिशवी परत आली ती निरोपासकट. तिथल्या एका दुकानात म्हणे दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला. जुन्यात पैसे घालू नका, नवाच घ्या. आणि झालाच चालू, तर फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणे! त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचा मामला, त्यातून गरीब बायकांच्या पैशांचा. उद्या कुणी म्हणाले, "हिशेब कुठं आहे, ताई?" तर मी काय दाखवणार होते?

सकाळी धाकट्या नणंदेच्या मुलीला फोन लावला. तिने पॉलिटेक्निकमध्ये याच विषयाचे शिक्षण घेतले आहे. ती शांतपणे म्हणाली, "मामी, आधी घाबरू नका. तो कुठवर येते नि कुठं थांबते, तेवढं सांगा मले."

मैत्रिणींनो, या एका वाक्याने माझे डोके ताळ्यावर आले. आजचा हा सगळा लेख त्या वाक्यावरच लिहिते आहे. तुमच्याही घरी कपाटावर असा एखादा लॅपटॉप धूळ खात पडला असेल. २०२० साली शाळा घरात आल्या, तेव्हा हौसेने किंवा नाइलाजाने घेतलेला. नाहीतर मुलाने नवा घेतला म्हणून आईकडे आलेला. "तो बिघडला आहे" एवढेच घरात सगळ्यांना ठाऊक असते. काय बिघडले, हे कुणी पाहिलेलेच नसते.

तीन दारांचे घर

आपले जुन्या पद्धतीचे घर डोळ्यांसमोर आणा. आधी ओसरी, मग माजघर, आणि सगळ्यात आत धान्याची कोठी. लॅपटॉप सुरू होतो म्हणजे वीज या घरात पाऊल टाकते.

ओसरी म्हणजे चार्जर, बॅटरी आणि बटण. इथून वीज आत येते. माजघरात लॅपटॉप स्वतःच सगळ्यांची हजेरी घेतो : मेंदू आहे का, रॅम आहे का, पडदा आहे का, कळफलक आहे का. हे काम काही सेकंदांत उरकते आणि पडद्यावर कंपनीचे नाव झळकते. मग तो कोठीचे दार उघडतो. कोठी म्हणजे हार्ड डिस्क. विंडोज तिथेच असते आणि आपले फोटो, पत्रे, हिशेबही तिथेच.

आता यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. ओसरीत किंवा माजघरात बिघाड झाला, तर कोठीतले धान्य जसेच्या तसे असते. लॅपटॉप सुरू होत नाही याचा अर्थ आतले सगळे गेले असा मुळीच नाही. म्हणून कुणी "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाले तर आधी विचारा, "का? बिघाड कोठीत आहे का?" ओसरी पडली म्हणून कुणी कोठी रिकामी करते का, सांगा बरे!

हात लावण्याआधी

काही पथ्ये पाळायलाच हवीत.

लॅपटॉपवर चहा, पाणी सांडले असेल तर बटण दाबून "चालतो का" पाहू नका. तेवढ्यानेच बहुतेक यंत्रे कायमची जातात. चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि लॅपटॉप उघडून पालथा घाला. केस वाळवायच्या ड्रायरने गरम वारा मारू नका. आणि हो, तांदळात पुरून ठेवू नका! आपला हा सगळा भाग धानाचा. घरोघरी तांदळाचे डबे भरलेले असतात, त्यामुळे हा उपाय आपल्याकडे पटकन सुचतो. पण तांदळाचा भुगा आत शिरतो आणि नवेच दुखणे होते. ॲपल कंपनीने २०२४ साली आपल्या फोनबद्दल हेच स्पष्ट सांगितले आहे. वाऱ्यावर सुकू द्या. चहा किंवा दूध असेल तर साखरेचा चिकटा आत राहतो. तो जाणकाराकडून साफ करवून घेतल्याशिवाय सुरू करू नका.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि आपल्या तालुक्यातल्या गावांत पाणी शिरले. अशा गाळाच्या पाण्यात बुडालेला लॅपटॉप घरी सुरू करून पाहायचाच नाही. तो तसाच जाणकाराकडे न्यावा आणि आधी डिस्क वाचवायला सांगावे.

दुसरे पथ्य बॅटरीचे. लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, डुलत असेल, बोटाने बाण फिरवायची पट्टी वर आली असेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. दाबल्या, टोचल्या किंवा वाकवल्या तर पेट घेऊ शकतात. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब बंद करा, झाकण जोराने मिटू नका आणि लॅपटॉप सरळ दुकानात न्या. हे घरी करायचे काम नव्हे.

तिसरे पथ्य, चार्जरचा काळा ठोकळा कधीही फोडू नये. त्यात घरातली २३० व्होल्टची वीज खेळते.

पहिले दार : ओसरी

लॅपटॉपचा दिवाही लागत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर तो ओसरीतच अडला आहे. इथला दोष सगळ्यांत सोपा, आणि पुष्कळदा इथेच निघतो.

आधी भिंतीचा सॉकेट पाहा. त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघा. हसू नका, एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण बंद असताना लॅपटॉप दुकानात पोचल्याच्या हकिकती घडतात! मग चार्जरची वायर हाताने चाचपा. पिनेजवळ आणि ठोकळ्याजवळ ती मुडपून आतून तुटते. वरून काही दिसत नाही. ठोकळ्यावर दिवा असेल तर तो लागतो का पाहा. जळका वास येतो का पाहा.

ठोकळ्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. समजा "आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर" असे आहे. दुसऱ्याचा चार्जर लावून पाहायचा तर व्होल्टचा आकडा तोच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पीनही तीच हवी, आणि शक्यतो त्याच कंपनीचा चार्जर घ्यावा. ओळखीचा वायरमन असेल तर त्याच्या मल्टिमीटरने पिनेवरचे व्होल्ट मोजून घ्या. आकडा लिहिल्याच्या आसपास आला की चार्जर ठीक.

चार्जर ठीक असूनही दिवा नाही? मग हा उपाय करा. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर खटके सरकवून तीही काढा. आता सुरू करायचे बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. मनात तीस आकडे मोजा, घाई नको. यंत्रात अडकून राहिलेली वीज यामुळे निघून जाते. मग बॅटरी न लावता नुसता चार्जर लावा आणि बटण दाबा. लॅपटॉप सुरू झाला तर दोष बॅटरीत असण्याचा संभव मोठा. बॅटरी आत बसवलेली असेल, तर चार्जर काढून बटण तसेच दाबून धरा, मग चार्जर लावून पाहा. या एवढ्याशा उपायाने कितीतरी "मेलेले" लॅपटॉप उठून बसतात.

एवढे करूनही काही नाही, तर चार्जरची पीन जिथे बसते ते भोक सैल झाले असेल. हात लावला की हलते का पाहा. ते बदलून मिळते. पण तिथे डाग द्यावा लागतो, म्हणून ते काम कारागिराचे.

दुसरे दार : माजघर

दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा. हीच माझी स्थिती होती. इथे दोन शक्यता. एक तर लॅपटॉप आतून चालू आहे, फक्त पडदा दिसत नाही. नाहीतर हजेरीच पुरी होत नाही.

कोणती ते घरच्या घरी ओळखता येते. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट अक्षरे दिसली तर पडद्यामागचा उजेड गेला आहे, बाकी सगळे ठणठणीत. दुसरी युक्ती, टी.व्ही.ला जी एच.डी.एम.आय. वायर लागते, ती लॅपटॉपला जोडून पाहा. टी.व्ही.वर चित्र आले तर हिशेब, फोटो सगळे तिथे बसून काढून घेता येईल. पडद्याचे मागाहून पाहू! तिसरी खूण, कळफलकावरची कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागत नि विझत असेल तर लॅपटॉप जागा आहे. अजिबात हलत नसेल तर हजेरीतच अडला आहे.

काही लॅपटॉप हजेरीत कुणी गैरहजर सापडले की ठराविक शिट्ट्या देतात किंवा दिवा ठराविक वेळा मिचकावतात. किती, ते मोजून वहीत लिहा. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा, पण कारागिराला तो आकडा सोन्यासारखा.

माझ्याकडे टॉर्चने काही दिसेना, टी.व्ही.वर काही येईना, कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म. भाची फोनवर म्हणाली, "मामी, आता रॅम काढून पाहू."

रॅम म्हणजे काय? स्वयंपाकाचा ओटा समजा. कोठीतून लागेल तेवढे सामान ओट्यावर काढून आपण काम करतो, काम झाले की ओटा रिकामा. रॅम तशी. तिच्यात काही साठून राहत नाही, त्यामुळे ती काढल्याने तुमचे काहीच जात नाही. पण ओटाच नसेल तर स्वयंपाक होणार कसा? रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात पावसाळ्याच्या दमट हवेने काळवंडले किंवा पट्टी किंचित सैल झाली, तरी हजेरी अडते.

मी केले ते असे. चार्जर आणि बॅटरी काढली. पोलाखंड्याला हात लावला, कारण कोरड्या दिवसांत अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते. (पोलाखंडा नसेल तर खिडकीचा लोखंडी गज चालेल.) लॅपटॉप स्वच्छ पंच्यावर पालथा ठेवला. तळाच्या लहान झाकणाचे स्क्रू छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने काढले आणि ज्या भोकाचा जो, त्या क्रमाने कागदावर मांडले. स्क्रू सारखे दिसतात, पण लांबी वेगळी असते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला, म्हणजे परत बसवताना गोंधळ नको.

आत बोटाएवढ्या रुंदीची हिरवी पट्टी दिसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या चिमुकल्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी वर येते. ती कडांनी धरायची, दातांना बोट लावायचे नाही. मग मुलाच्या कंपासपेटीतले पांढरे खोडरबर घेतले आणि सोनेरी दातांवरून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवले. रबराला काळपट मळ लागला! भुगा कोरड्या मऊ ब्रशने झटकला. पट्टीत एक खाच असते, ती जुळवून पट्टी तिरकी घातली आणि खाली दाबली. दोन्ही खिट्ट्या टक् करून बसल्या.

बॅटरी लावली, बटण दाबले. एक, दोन, तीन… आणि पडद्यावर कंपनीचे नाव! काय सांगू तुम्हाला, बाळंतपणात बाळाचा पहिला टाहो ऐकावा तसे झाले. मदरबोर्डाला काही झालेले नव्हते. बिघाड होता तो खोडरबराने पुसण्याइतका.

आता खरे ते सांगते. दर वेळी एवढ्यावर भागेलच असे नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, एखादी खराब निघते. दोन्हींनी काही झाले नाही तर मदरबोर्डाची शंका घ्यावी आणि तज्ज्ञाकडे जावे. अलीकडच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम डागाने पक्की जोडलेली असते. तिथे हा उपाय चालत नाही, आणि तळ उघडायचा तर नेट लावून फोडू नये.

तिसरे दार : कोठी

कंपनीचे नाव येते आणि पुढे काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ येते, "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" किंवा "नो बूटेबल डिव्हाइस". म्हणजे ओसरी, माजघर ठीक. कोठीचे दार उघडत नाही.

आधी लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का पाहा. तो काढून पुन्हा सुरू करा. तारीख-वेळ दर वेळी कित्येक वर्षे मागे जात असेल, तर आतला नाण्यासारखा सेल संपला आहे. पुष्कळ लॅपटॉपांत तो सी.आर.२०३२ नावाचा ३ व्होल्टचा असतो. घड्याळजीकडेही मिळतो आणि शंभर रुपयांच्या आत येतो. तेवढ्यासाठीही लॅपटॉप अडून बसतो.

पण आतून टक्-टक् किंवा खरखर आवाज येत असेल, तर मात्र सावध! जुनी हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी. तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून एक सुई फिरते. आवाज म्हणजे ती सुई धडपडते आहे. अशा वेळी "अजून एकदा पाहू" म्हणून पुन्हा पुन्हा सुरू करणे म्हणजे उरलेसुरले खरवडून टाकणे. तिथेच बंद करा आणि डिस्कमधली माहिती काढणाऱ्या जाणकाराकडे द्या.

आवाज नसेल, किंवा लॅपटॉप पहिल्या दोन दारांतच कायमचा मेला असेल, तर डिस्क बाहेर काढून तिला छोट्या वायरीने किंवा पेटीने दुसऱ्या संगणकाला पेनड्राइव्हसारखे जोडता येते. जुन्या लॅपटॉपांतली अडीच इंची डिस्क अशीच निघते. नव्यांत ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी असते, तिला वेगळी पेटी लागते. काही नव्या लॅपटॉपांत कोठीला बिटलॉकर नावाचे कुलूप असते. ते ४८ अंकी किल्लीशिवाय उघडत नाही. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती शोधून कागदावर लिहून ठेवा.

दुकानात नेताना

आपल्याकडे मोबाइल दुरुस्त करणारी चलाख मुले गावोगावी आहेत. मोठे काम निघाले तर नागपूर आहे, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड तर या कामासाठी नावाजलेला. कुठेही जा, पण रिकाम्या मनाने जाऊ नका. "बंद पडला" एवढेच सांगू नका. "दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा, टी.व्ही.वरही चित्र नाही, रॅम काढून घातली" असे सांगा. समोरचा माणूस नीट ऐकेल आणि उगाच काही गळ्यात मारायला धजणार नाही.

काय बिघडले आणि किती लागतील, हे आधी कागदावर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही" हेही त्याच कागदावर लिहा.

आणि ही गोष्ट आपसांत, बायका-बायकांत सांगते. लॅपटॉपात आपले घरचे फोटो, बँकेचे आकडे, आधारचे कागद असतात. पडदा, चार्जर, बटण असली कामे डिस्कशिवायही होऊ शकतात. तेव्हा डिस्क काढून घरी ठेवा आणि मग लॅपटॉप द्या. दुकानदाराला चाचणीला डिस्क लागलीच तर तो स्वतःची लावेल. यात कुणावर अविश्वास दाखवणे नाही. शेजारणीकडे घराची किल्ली ठेवतो, पण तिजोरीची नाही ठेवत, तसेच हे.

दुरुस्ती हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, हे आता सरकारनेही मनावर घेतले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, "राइट टू रिपेअर" नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी असा त्यामागचा हेतू.

ठेवावा की टाकावा?

सात-आठ वर्षांचा लॅपटॉप दुरुस्त झाला, पण गोगलगायीसारखा चालतो? मग जुन्या तबकडीच्या जागी एस.एस.डी. बसवून घ्या. तिच्यात फिरणारे काही नसते. आणि ओटा लहान असेल तर रॅम वाढवा. एवढ्याने जुना लॅपटॉप तरतरीत होतो आणि हिशेब, पत्रे, मुलांचा अभ्यास, अर्ज भरणे, सगळे निभते.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तुमचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर लगेच भंगारात काढू नका. लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली बसवता येते. बसवण्याआधी माहितीची प्रत काढायला मात्र विसरू नका.

दुरुस्तीचा खर्च चांगल्या जुन्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीहून जास्त येत असेल, तर डिस्क काढून घ्यावी आणि यंत्राला निरोप द्यावा. पण भंगारवाल्याच्या हातगाडीवर नव्हे! ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार अशा मालाची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणी असलेल्या संकलन केंद्रात द्या. बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, चुलीजवळ तर मुळीच ठेवू नका.

आपल्या हवेत जपायचा कसा?

आपल्या ब्रह्मपुरीचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! पारा ४५ अंशांच्या वर गेला की माणसांची काहिली होते, तिथे यंत्राचे काय? लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. तळाची भोके बुजतात, आत गरम होऊन तो आपोआप बंद पडतो. लाकडी पाटावर ठेवा. कूलरच्या थेट झोताखालीही नको, तो वारा ओला असतो. वर्षातून एकदा पंख्याची धूळ काढवून घ्या. ब्रशने स्वतः काढत असाल तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरा, भलत्या वेगाने फिरू देऊ नका.

पावसाळ्यात वीज कडाडू लागली की चार्जर भिंतीतून काढून ठेवा, नुसते बटण बंद करून भागत नाही. लॅपटॉप महिनोन्‌महिने बंद पेटीत ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर चालवा, म्हणजे आतली ओल धरत नाही. जवळ खाऊ खाऊ नका. पोळीचा चुरा पडला की मुंग्या कळफलकातून आत जातात.

आमच्या हिशेबाचे काय झाले?

लॅपटॉप सुरू झाला त्या क्षणी मी दुसरे काही केले नाही. हिशेबाची प्रत एका पेनड्राइव्हवर घेतली, दुसरी भाचीला ई-मेलने पाठवली आणि चौकातल्या दुकानातून कागदावर छापूनही आणली. बँकेची तारीख निभावली.

त्यानंतरच्या बैठकीत मी सगळ्यांना झालेला प्रकार सांगितला. लपवून काय करायचे? सगळ्या गप्प बसल्या. मग आमच्यातल्या सगळ्यांत वडील बाई, ज्यांना सहीपुरतेच लिहिता येते, त्या म्हणाल्या, "मशिनीत ठेव वो बाई, आमचं काई म्हननं नाई. पन वहीतबी लिवत जा. वही बंद पडत नाई."

दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. आता दर बैठकीत आधी वहीत लिहिते, सगळ्यांच्या सह्या घेते, मग लॅपटॉपात भरते आणि महिन्याच्या शेवटी पेनड्राइव्हवर प्रत काढते. पेनड्राइव्ह त्या वडील बाईंच्या घरी, पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. तुम्हीही आज रात्री मुले झोपली की तुमच्या लॅपटॉपातली सगळ्यांत मोलाची गोष्ट कोणती ते आठवा आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवून या. कपाटावरचा तो जुना लॅपटॉप मग रविवारी खाली काढा. सोबत खोडरबर घ्यायला विसरू नका, बरं का!